मिग्स: काचबिंदूच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर काय बिघडू शकते?

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची तर डोळ्यातला दाब कमी ठेवावा लागतो. ‘मिग्स’ या गटातल्या शस्त्रक्रिया त्यासाठीच असतात. त्या बारीक छेदातून आणि बऱ्याचदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबरच होतात. काहींमध्ये डोळ्यातले पाणी वाहून जावे म्हणून स्टेंट, म्हणजे इवलीशी नळी बसवतात.

छेद लहान असला तरी धोका उरतोच. सुरुवातीला डोळ्यात थोडे रक्त उतरून धूसर दिसू शकते. ते बहुधा आपोआप शोषले जाते. दाब काही दिवस वाढू शकतो, क्वचित फार खाली जातो. स्टेंट सरकतो किंवा त्याचे तोंड बुजते. आणि पुष्कळांना ऑपरेशननंतरही थेंब घालावेच लागतात, ही गोष्ट आधी सांगितली नसेल तर रुग्णाला फसल्यासारखे वाटते.

काही दुष्परिणाम मात्र वर्षांनंतर कळतात. ‘सायपास’ हे त्याचे ठळक उदाहरण. या स्टेंटला अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, ती दोन वर्षांच्या चाचणीवर. त्याच रुग्णांची पाच वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी सायपास बसवलेल्यांमध्ये सरासरी सुमारे २० टक्के घटलेल्या आढळल्या. फक्त मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांमध्ये ही घट सुमारे १० टक्के होती. ऑगस्ट २०१८ मध्ये अल्कॉन कंपनीने सायपास जगभरातून मागे घेतला.

या पेशी कॉर्नियातले जादा पाणी सतत बाहेर उपसतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. मेलेल्या पेशींच्या जागी माणसात नव्या तयार होत नाहीत. फारच कमी उरल्या तर कॉर्निया सुजतो, दिसणे धूसर होते आणि कधी कॉर्निया बदलायची वेळ येते. नळीचे टोक जितके पुढे, कॉर्नियाकडे डोकावणारे, तितकी घट जास्त होती. बसवलेले सगळे स्टेंट सरसकट काढायला मात्र सांगितले गेले नाही. पेशी मोजत राहायच्या आणि गरज पडली तर पुढे आलेले टोक कापायचे, असा सल्ला होता.

ही मोजणी स्पेक्युलर मायक्रोस्कोपीने, काही मिनिटांत आणि न दुखता होते. स्टेंट बसवलेल्यांनी त्याचे नाव आणि ऑपरेशनची तारीख असलेला कागद जपून ठेवावा. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा नजर अचानक उतरली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.