काचेपलीकडचा अजिंठा

काच पारदर्शक असते हे छायाचित्रकारापुरते अर्धेच सत्य आहे. साध्या काचेवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के पुढच्या पृष्ठभागावरून परततो आणि जवळजवळ तितकाच मागच्या पृष्ठभागावरून. हे ८ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. परंतु काचेमागची वस्तू अंधारात आणि पाहणारा उजेडात असेल, तर तेवढे प्रतिबिंब वस्तू झाकून टाकायला पुरते. देवगाव रंगारी हे नावातच रंग बाळगणारे गाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याला या साध्या नियमाने दीड शतकाहून अधिक काळ छळले आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रांकित खांबावर आपले नाव कोरले. माणसाच्या अशाच हातांपासून बचाव व्हावा म्हणून या लेण्यातील काही चित्रांपुढे पुढे काचा बसवल्या गेल्या. आज तिथे कॅमेरा रोखला, की चित्राआधी प्रवेशद्वाराकडचा उजेड आणि आपलीच आकृती दिसते. रक्षण आणि दर्शन यांतला हा विरोध मात्र काचेहून जुना आहे.

मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. अजिंठ्याच्या या पहिल्या मोठ्या नोंदीचा शेवट काचेच्याच महालात व्हावा, हा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला. त्यांची ७४ छायाचित्रे असलेला जेम्स फर्ग्युसन यांचा ग्रंथ १८६४ मध्ये निघाला, पण त्यात भर वास्तू आणि शिल्पांवर होता. त्याचे कारण तंत्रात शोधता येते. त्या काळच्या कोलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग त्यांच्यावर काळवंडून उमटत. त्यात लेण्यांचा अंधार.

त्यानंतरचे संकट माणसाने स्वतः निर्माण केले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह प्रती करून घेतल्या. रंग उजळ दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकातील या प्रतींच्या कामात मूळ चित्रांवर वार्निश चढले. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानाने चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची दुरुस्ती करवून घेतली. सुटू पाहणारे पोपडे त्यांनी जागी बसवले, हे मोठेच काम होते. तथापि त्यात लाखेचा द्रावही वापरला गेला. वार्निश काय किंवा लाख काय, दोन्ही काळाबरोबर पिवळी पडतात आणि दोन्ही चकाकतात. चित्रापुढची काच निदान काढता येते. ही काच चित्राच्या अंगालाच चिकटली होती.

हे संकट समोर असतानाच गुलाम यझदानी यांनी निजामाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे रंगीत आणि एकरंगी छायाचित्रांवर आधारलेला 'अजंता' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. चकाकी टाळण्याचा त्या वेळचा हुकमी उपाय भूमितीचा होता. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, म्हणून दिवा बाजूला असा ठेवायचा की परतणारा किरण भिंगात शिरणार नाही. सपाट काचेपुढे हे जमते. मातीच्या गिलाव्याची उंचसखल भिंत मात्र कुठेतरी चमकतेच.

दुसरा उपाय विज्ञानाला ठाऊक होता, पण कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला नव्हता. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये दाखवले, की लंबरेषेपासून विशिष्ट कोनात, काचेच्या बाबतीत सुमारे ५६ अंशांत, परावर्तित होणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. तो गाळणारा स्वस्त पातळ पडदा एडविन लँड यांच्या १९२९ च्या शोधानंतरच शक्य झाला. त्यातही एक अडचण राहते. अगदी समोरून घेतलेल्या चित्रात एकटी गाळणी निरुपयोगी ठरते, आणि ५६ अंशांतून घेतलेले चित्र तिरपे येते. अशा वेळी दिव्यावर एक आणि भिंगावर एक अशा परस्परांशी काटकोनात फिरवलेल्या दोन गाळण्या लावतात. पृष्ठभागाची चकाकी त्यामुळे विझते आणि आतल्या रंगाचा प्रकाश तेवढा उरतो.

बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये वेगळी वाट धरली. झगझगीत दिव्यांऐवजी लेण्यातला मंद उजेडच त्यांनी दीर्घ उद्भासनाने टिपला. प्रखर दिवाच नसला, की त्याचे प्रतिबिंबही नसते. या तत्त्वाचा उपयोग आपल्यालाही करता येतो. जिथे छायाचित्रणास परवानगी आहे तिथे फ्लॅश बंद ठेवावा, गडद कपडे घालावेत, भिंगाभोवती काळे कापड धरावे आणि काचेला धक्का न लावता शक्य तितके जवळ जावे. मोबाइललाही हे नियम लागू पडतात.

हा खटाटोप केवळ देखण्या चित्रासाठी नाही. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत ग्रिफिथ्स यांच्याही अनेक प्रती नष्ट झाल्या. भिंतीवरून गळून पडलेल्या भागाला आज जुने छायाचित्र हाच साक्षीदार उरतो. त्या छायाचित्रात बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर दिव्याचा पांढरा डाग असेल, तर तेवढा चेहरा इतिहासातून कायमचा गेला. आपल्या गावोगावच्या वाचनालयांत काचेच्या कपाटांत पोथ्या आहेत, सनदा आहेत, जुन्या तसबिरी आहेत. त्यांची छायाचित्रे आता घराघरांतून घेतली जात आहेत. उद्या मूळ कागद उरला नाही, तर अभ्यासक त्या छायाचित्रातून अक्षरे वाचणार आहे. तिथे त्याला अक्षरांऐवजी खिडकी दिसता कामा नये.