एक लेबल, एक कडा: शिंदळ माकुडीच्या नोंदी कशा वाचायच्या?

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की हर्बेरियमच्या शीटवरून इतिहास कसा काढायचा? उत्तर एका वनस्पतीवरून देतो. ती आपल्या चिखलीपासून फार लांब नाही. चाकण, नारायणगाव करत जुन्नरला गेलात, की शिवनेरीच्या कड्यावर ती आहे. शिंदळ माकुडी, म्हणजेच फ्रेरिया इंडिका.

हिचे नातेवाईक आफ्रिका-अरबस्तानातल्या रखरखीत प्रदेशांत वाढतात. त्यातल्या बहुतेकांना पानं जवळजवळ नसतातच. हिला मात्र पावसाळ्यात मांसल पानं फुटतात आणि उन्हाळ्यात गळून जातात. मग सह्याद्रीच्या पावसात ही कशी? उभ्या कड्यावर पाणी थांबत नाही. पाऊस उघडला की भेगेतली मूठभर माती लगेच सुकते. म्हणजे डोंगरातच एक छोटं वाळवंट तयार होतं.

आता नोंदींकडे वळू. वनखात्यातल्या निकोल डाल्झेल याने अलेक्झांडर गिब्सनसोबत १८६१ मध्ये 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. फ्रेरिया त्यात नाही. तिचं वर्णन १८६४-६५ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आलं आणि नाव दिलं गेलं ते तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं. ठिकाण होतं जुन्नरजवळचं 'हेवरा'.

इथे पहिला प्रश्न विचारायचा: हेच ठिकाण का? गिब्सन १८३८ ते १८४७ दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता आणि हेवऱ्याला त्याच उद्यानाची शाखा होती. म्हणजे या भागात वनस्पतींच्या अभ्यासकांची ये-जा आधीपासूनच होती. नोंद झाडाबद्दल सांगते, तसंच माणसं कुठे पोचली होती हेही सांगते.

दुसरा प्रश्न: शीटवर कोण नाही? लेबलवर गोळा करणाऱ्या साहेबाचं नाव असतं, वाट दाखवणाऱ्याचं क्वचितच. दापोडीच्या उद्यानातल्या वनस्पतींची सुंदर चित्रं आज एडिंबरोला जपून ठेवली आहेत, पण ती काढणाऱ्या भारतीय चित्रकाराचं नाव माहीत नाही.

तिसरा प्रश्न: नोंद नाही म्हणजे झाड नाही का? ही वनस्पती पुढे सज्जनगड, वज्रगड अशा ठिकाणीही सापडली. यादी बघा, बरेच किल्ले आहेत. किल्ल्याला वाट असते, म्हणून माणूस कड्यापर्यंत पोचतो. शिवाय रसाळ खोड दाबून वाळवणं कटकटीचं. प्रेसमध्येही ते बरेच दिवस जिवंत राहतं आणि पानं गाळतं. त्यामुळे अशा वनस्पतींच्या शीट्स मुळातच कमी असतात.

पण म्हणून 'ती सगळीकडे असेल' असंही म्हणता येत नाही. आययूसीएनने तिला जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १२ वनस्पतींमध्ये घेतलं होतं, आणि नंतर सापडलेल्या जागांवरही झाडं मोजकीच आहेत. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

सरावासाठी: पुण्यात बीएसआयच्या किंवा आघारकर संस्थेच्या हर्बेरियममध्ये रीतसर परवानगी घेऊन कुठल्याही एका प्रजातीच्या सगळ्या शीट्स बघा. तारीख, गाव, गोळा करणारा असा तक्ता करा आणि जुन्या स्पेलिंगमधली गावं आजच्या नकाशावर शोधा. दुर्मिळ वनस्पती असेल तर तिची नेमकी जागा मात्र कुठेही जाहीर करू नका. उपटून नेणारे लोकही वाचत असतात.