सेल्युलेज एंझाइमे, उष्णतास्थिर

वनस्पतींच्या कोशिकाभित्तींतील सेल्युलोजाचे ग्लुकोजात विघटन करणारी व ५०°–६०° से. वा त्याहून अधिक तापमानातही क्रियाशील राहणारी सूक्ष्मजैव एंझाइमे. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) या ऊसप्रधान जिल्ह्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहेत.

इतिहास : आंसेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये सेल्युलोज वेगळे केले. १९२६ मध्ये क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम हा सु. ६०° से. तापमानात सेल्युलोज विघटित करणारा जंतू वर्णिला गेला. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर लष्कराचे सुती कापड कुजविणारी ट्रायकोडर्मा कवके सापडली व त्यांवर एल्विन रीझ यांनी मूलभूत संशोधन केले. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्वतः तापणाऱ्या कंपोस्टातून मिळालेल्या थर्मोमोनोस्पोरा वंशातील सूक्ष्मजीवाच्या सेल्युलेजाचा अभ्यास झाला. हा सूक्ष्मजीव उष्ण व क्षारीय अशा दोन्ही परिस्थितींत वाढतो.

जिल्ह्यातील संदर्भ : भंडारदरा धरणाच्या (१९२६) कालव्यांमुळे प्रवरेच्या खोऱ्यात ऊस वाढला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभारलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये झाला. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सु. ३०% चिपाडे उरतात. त्यांत निम्मे पाणी असते व शुष्क भागात सु. ४०% सेल्युलोज असते. शेतात पाचट उरते, ते वेगळेच. पाचट जाळल्यास त्यातील सेंद्रिय द्रव्य जमिनीला मुकते. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) ते सूक्ष्मजीव-संवर्धनाच्या साहाय्याने शेतातच कुजविण्याची शिफारस केली आहे.

उपयोग व मर्यादा : उच्च तापमानात विक्रियेचा वेग वाढतो, मिश्रण पातळ होते व परक्या जंतूंचा उपद्रव घटतो. या एंझाइमांचे स्थैर्य प्रथिन-रेणूची घट्ट घडी व तीमधील आयनी बंध यांवर अवलंबून असते. तथापि लिग्निनाचे आवरण सैल केल्याविना एंझाइम सेल्युलोजापर्यंत पोहोचत नाही, आणि या पूर्वप्रक्रियेचा व एंझाइमांचा खर्च मोठा असतो. शिवाय चिपाडे हेच कारखान्याच्या बाष्पित्राचे इंधन व सहवीजनिर्मितीचा आधार आहे. त्यांपासून अल्कोहॉल करावयाचे, तर तेवढी ऊर्जा अन्यत्र मिळवावी लागते. त्यामुळे या एंझाइमांचे खरे मोल प्रयोगशाळेतील तापमानावर नव्हे, तर या हिशेबावर ठरते.