पद्मदुर्ग: जानेवारी १६७५

मुरूडच्या किनाऱ्यासमोर, कासा नावाच्या खडकाळ बेटावर पद्मदुर्ग पडक्या अवस्थेत उभा आहे. दक्षिणेला सिद्दीचा जंजिरा नजरेच्या टप्प्यात. किल्ल्याच्या बांधकामाचे साल १६७६ असे अनेक ठिकाणी दिलेले सापडते. एका पत्रापुढे ते टिकत नाही.

पत्र शिवाजी महाराजांचे, जानेवारी १६७५चे, मामले प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग यांना ऐवज व गल्ला मिळावा म्हणून मोरोपंत पेशव्यांनी या सुभ्यावर वराता, म्हणजे सुभ्याच्या वसुलातून देण्याचे हुकूम, दिल्या होत्या. सुभेदाराने काहीच पोचवले नाही. हबशाने, म्हणजे सिद्दीने, काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले असेल, असा संशय महाराज उघड बोलून दाखवतात. ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, असेही बजावतात. आपल्या कामाचा मजकूर या संतापातच दडला आहे: पद्मदुर्ग वसवून सिद्दीच्या राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली, असे ते सांगतात.

म्हणजे जानेवारी १६७५ मध्ये किल्ला नांदता होता, एवढे निश्चित. तट पुरा झाला होता का? त्यावर पत्र गप्प आहे. मात्र तिथे पाणी आणि फाटी पोचावीत, ही निकड त्यात स्पष्ट आहे. खडकावर सरपण बाहेरूनच यायचे. पाणीही बाहेरून लागत असेल, तर टाकी तेव्हा झालेली नसावीत किंवा पुरत नसावीत. हा तर्क.

मग १६७६ कुठून आले? त्या वर्षी मोरोपंतांनी जंजिऱ्याला वेढा घातला आणि डिसेंबरात सिद्दी कासमने तो उठवायला लावला. गाजलेल्या मोहिमेचे साल किल्ल्याला चिकटले असावे. त्या सुमारास बांधकाम चालू राहिले असेल, हेही शक्य आहे.

उरतो तो खुद्द किल्ला. तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यापाण्याने झिजून आत गेले आहेत; दोन चिऱ्यांमधला चुना मात्र शाबूत, मधाच्या पोळ्याच्या कडांसारखा पुढे आलेला. एका बुरुजाच्या चर्या कमळाच्या पाकळ्यांच्या घाटाच्या आहेत आणि त्यांवरूनच नाव पडले, असे सांगतात. पण नाव तर १६७५च्या पत्रात आलेलेच आहे. पाकळ्या आधी की नाव आधी? माझा कल नावाकडे आहे. पाण्याची ददात आणि समोरच हबशाचा जंजिरा असताना, चर्यांना घाट देण्याइतकी उसंत गवंड्यांना मिळाली असेल, असे मला वाटत नाही.