बंब, गीझर आणि वाफेची वाट

१/
न्हाणीघरातला गॅस गीझर प्रमाणाबाहेर तापतो, मध्येच विझतो, पुन्हा पेटवला की पुन्हा तापतो. छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही वसाहतीत ऐकू येईल अशी ही तक्रार. वरवर पाहता ती केवळ दुरुस्ती करणाऱ्याच्या कामाची. परंतु तिचे मूळ शोधायचे तर आजीच्या तांब्याच्या बंबापर्यंत आणि वाटेत मलिक अंबरच्या नहरीपर्यंतही मागे जावे लागते. धागा थोडा लांब आहे.

२/
प्रथम शब्द. 'बंब' हा पोर्तुगीज 'बोंबा'वरून आलेला. मूळ अर्थ पंप. म्हणूनच आग विझवणारी गाडीही बंब आणि पाणी तापवणारे भांडेही बंब! 'गीझर' हे आइसलंडमधील उसळत्या उष्ण झऱ्याचे नाव. स्नानाचे पाणी तापवणे हा अर्थ दोन्ही शब्दांना पुढे चिकटला.

३/
घरगुती बंबाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. बाहेर तांब्याचे उभे पिंप, मधोमध खालून वरपर्यंत गेलेली नळी, तळाशी जाळी. नळीत बंबफोड, गोवऱ्यांचे तुकडे किंवा कोळसा पेटवायचा. राख जाळीतून खाली पडे, धूर नळीच्या वरच्या तोंडातून निघून जाई आणि नळीभोवतीचे पाणी तापे. आग पाण्याच्या बाहेर नव्हे, तर पाण्याच्या पोटात असल्यामुळे थोड्या सरपणात भरपूर पाणी तापत असे.

४/
बंबाच्या घरात एक नियम लहान मुलांनाही पाठ असे : रिकामा बंब पेटवायचा नाही, आणि गरम पाणी काढले की तेवढेच गार पाणी ओतायचे. यामागे पक्के भौतिकशास्त्र आहे. नळीभोवती पाणी आहे तोवर ते उष्णता शोषून घेते, आणि उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या आसपास उकळू लागले की त्याहून फारसे तापत नाही. पाणी नळीखाली उतरले की उष्णता वाहून नेणारे कोणी उरत नाही. तांबे तापत राहते, सुमारे २०० अंशांच्या घरात कथलाचा डाग वितळू लागतो आणि बंब गळतो. अशा बंबाला तांबटाकडे नेण्यावाचून गत्यंतर नसे.

५/
दुसरा शत्रू अधिक संथ. मराठवाड्यातील काळ्या बेसाल्ट खडकातले विहिरींचे पाणी बहुधा जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की त्यांतील काही क्षार नळीवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात. हा थर म्हणजे आग आणि पाणी यांच्यामध्ये घातलेली गोधडीच. धातू तापतो, पाणी मात्र तापत नाही. मग माणूस आणखी सरपण घालतो आणि दुखणे वाढवतो.

६/
तरीही बंबाचा स्फोट होत नसे. त्याचे वरचे तोंड मोकळे किंवा सैल झाकणाचे असल्यामुळे वाफेला वाट होती. ती वाट बंद केली की काय होते, हे युरोपने फार लवकर पाहिले. देनी पापँ याने १६७९ मध्ये वाफेवर अन्न शिजवणारे बंद पात्र लंडनमध्ये मांडले आणि त्यावर वजनाने दाबून धरलेली झडप बसवली. दाब वाढला की झडप उचलली जाई. आजच्या कुकरची शिटी तिच्याच कुळातली. कारखान्यांतील बॉयलरांसाठी भारतात १९२३ चा स्वतंत्र कायदाच करावा लागला. उघड्या तोंडाचा बंब त्या कायद्याच्या व्याख्येत कधी बसलाच नाही.

७/
कोंडलेला दाब मोकळा करण्याची विद्या या शहराला आगीशिवायही अवगत होती. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने गावात आणले. लांब बंद नळातून पाणी वाहते तेव्हा चढउतारांवर हवा अडकते, प्रवाह खुंटतो, जोडांवर ताण येतो. म्हणून वाटेत चुनेगच्ची मनोरे उभारले. पाणी त्यांत चढते, हवा बाहेर पडते, दाब मोडतो आणि पाणी पुढे निघते. पाणचक्कीला पाणी पुरवणारी नंतरची नहरही याच पद्धतीची. पुण्यातील कात्रजच्या पेशवेकालीन नहरीवरील अशा वाटांना 'उच्छ्वास' म्हणतात. तंत्रज्ञानाला इतके नेमके नाव क्वचितच मिळते.

८/
आता गीझर. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने वायूच्या ज्योतींवर वाहते पाणी तत्काळ तापवणारे यंत्र बनवले आणि त्याला 'गीझर' हे नाव दिले. यंत्र चतुर होते, पण जळालेला वायू बाहेर नेण्यासाठी त्याला धुराडेच नव्हते! सारा वायू न्हाणीघरातच राही. आपल्या साध्या बंबाचा धूर निदान डोळ्यांत जाऊन आपली वर्दी देत असे.

९/
आजच्या गॅस गीझरमध्ये साठवलेले पाणी जवळजवळ नसते. तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून पाणी सतत वाहत राहील, या एका भरवशावर ज्योत पेटते. नळ सोडला की पाण्याचा दाब रबरी पडद्याला ढकलतो आणि पडदा वायूची वाट उघडतो. संभाजीनगरात जायकवाडीचे पाणी रोज येत नाही. ते गच्चीवरच्या टाकीत साठवले जाते. टाकी न्हाणीघराच्या जेमतेम वर असेल तर दाब तोकडा पडतो. पडदा कसाबसा उघडतो, पाणी रेंगाळते, वेटोळे तापते आणि सुरक्षा संवेदक वायू तोडतो. इथे यंत्र बिघडलेले नसून ते आपले काम करीत असते. दोष प्रवाहाचा असतो.

१०/
म्हणून शोधाचा क्रम पाण्यापासून सुरू व्हावा : टाकीची उंची, आत येणाऱ्या नळावरील जाळीत अडकलेला गाळ, मग वेटोळ्यातील क्षारांचा थर. नळ बंद केल्यावरही ज्योत चालू राहत असेल तर पडदा अडकला आहे. तेव्हा सिलिंडर तत्काळ बंद करावा आणि जाणत्याला बोलवावे. संवेदकाच्या तारा जोडून तो निकामी करण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती पापँच्या झडपेवर दगड ठेवण्यासारखी आहे.

११/
ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, वर काजळी धरत असेल, तर प्रश्न पाण्याचा नसून हवेचा आहे. अपुऱ्या हवेत जळणारा वायू कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो. डोके जड होते, गरगरते, आणि आतून कडी लावलेली असते. हिवाळ्यात बंद न्हाणीघरात दगावलेल्यांच्या बातम्या येतात, त्यांमागे अनेकदा हेच कारण असते.

१२/
मॉनच्या यंत्रात नसलेले धुराडे पुढच्या काळातील यंत्रांना मिळाले. तरीही आपल्याकडे अनेक घरांत गीझर अजून न्हाणीघराच्या आतच, बंद खिडकीशेजारी टांगलेला दिसतो. तो बाहेरच्या हवेशीर भिंतीवर बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत घेता येते. जुन्या वाड्यांतही बंब बहुधा परसात किंवा न्हाणीच्या तोंडाशी पेटे, आणि आत येई ते बादलीतले कढत पाणी.