जेरुशा झिराड यांचं १९२५ साल

डॉ. जेरुशा झिराड यांच्याविषयीचे कागद वेगवेगळ्या दप्तरांत विखुरले आहेत. सरकारी नोंदींत त्या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख, १९४५ मध्ये एम.बी.ई. आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या. वैद्यकीय साहित्यात त्या मातामृत्यूंच्या अभ्यासक. ज्यू समाजाच्या नोंदींत ज्युईश रिलिजस युनियनच्या संस्थापक. घरातली जेरुशा यांपैकी कुठेच दिसत नाही. ती भेटते त्यांच्या आठवणींत. ओआरटी इंडियाने १९९० मध्ये काढलेल्या ‘अ ड्रीम रिअलाइज्ड’ या चरित्रात.

त्यातली एक आठवण सगळ्या आयुष्याची किल्ली म्हणून सांगितली जाते. बहीण जिवावरच्या दुखण्यात होती. कामा रुग्णालयात डॉ. ॲनेट बेन्सन यांनी तिला वाचवलं. शाळकरी जेरुशानं तेव्हाच मनाशी धरलं, आपण डॉक्टर व्हायचं आणि एक दिवस याच रुग्णालयाचा कारभार पाहायचा.

अशी आठवण जपून वापरावी लागते. पुढे काय झालं हे ठाऊक असलेला माणूस बालपण सांगतो, तेव्हा ते आपोआप नीट रचलं जातं. म्हणून तिला बाहेरचा आधार हवा, आणि माझ्या मते तो त्यांच्या नोकऱ्यांच्या साध्या क्रमात आहे.

जेरुशा १८९० मध्ये शिमोग्यात जन्मल्या. घराणं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आडनावात अलिबागजवळचं झिराड गाव. शिक्षण आधी पुण्यात, मग मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९१२ मध्ये एल.एम.एस. झाल्या. पण कामा रुग्णालयाचा वरचा दरवाजा एवढ्यानं उघडणारा नव्हता. १८८६ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय स्त्री डॉक्टरांनीच चालवायचं, असं ठरलेलं होतं. ही त्या काळी फार मोठी गोष्ट. मात्र पहिल्या प्रमुख एडिथ पेची यांच्यापासून ती जागा विलायतेहून आलेल्या बायकांकडेच राहिली होती. तिथं पोचायचं तर विलायती पदवी हवी. टाटांच्या निधीतून कर्ज घेऊन जेरुशा १९१४ मध्ये लंडनला निघाल्या. पुढे हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. विलायतेत शिकण्यासाठी ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. महायुद्धाच्या वर्षांत एलिझाबेथ गॅरेट अँडरसन रुग्णालयात काम केलं आणि १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयांत एम.डी. घेऊन त्या परतल्या.

काही काळ दिल्लीचं लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग बंगळूरचं प्रसूती रुग्णालय. बंगळूरला त्या अधीक्षक होत्या, म्हणजे सगळं रुग्णालय त्यांच्या हाताखाली. आणि १९२५ मध्ये त्या मुंबईला येतात, कामा रुग्णालयात मानद सर्जन म्हणून. अधीक्षकपद सोडून मानद जागा! निव्वळ बढतीचा हिशेब मांडणारी व्यक्ती हा सौदा करणार नाही. बहिणीच्या आजारपणातल्या निश्चयाची कथा मला खरी वाटते ती यामुळे. तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. या जागेवरच्या पहिल्या भारतीय डॉक्टर. १९४७ पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

त्याच १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन उभी राहिली. लंडनमध्ये लिली माँटेग्यू आणि क्लॉड माँटेफिओरे यांनी १९०२ मध्ये याच नावाची उदारमतवादी ज्यू चळवळ सुरू केली होती. तिची ओढ जेरुशांना तिथल्या वास्तव्यात लागली. सिनेगॉगमध्ये बायकांची जागा वरच्या सज्जात, खाली चाललेल्या प्रार्थनेपासून वेगळी. नव्या मंडळींना कुटुंबानं एकत्र बसावं आणि प्रार्थना समजून म्हणावी असं वाटत होतं. प्रार्थनांची मराठी भाषांतरं जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती, त्यामुळे समजून म्हणण्याची सवय समाजाला अगदीच नवी नव्हती. बायकांच्या जागेचा प्रश्न मात्र नवा होता. तो एका स्त्रीनं पुढे आणला, आणि शनिवारचा शब्बाथ पाळत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या छोट्या समाजात सगळ्यांना तो रुचणं शक्य नव्हतं. या मंडळींचं प्रार्थनास्थळ, रोदेफ शालोम, भायखळ्याला आहे.

कामा रुग्णालयातलं पद आणि सज्जातली जागा हे दोन वेगळे विषय म्हणून लिहिले जातात. एकाच वर्षी एकाच बाईनं दोन्ही हातात घेतले, हे दप्तरं शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

१९४१ मध्ये निघालेलं ‘हेल्थ बुलेटिन’ क्रमांक २९ हा त्यांचा मुंबई शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांवरचा अहवाल. अहवालात घरची गोष्ट येत नाही, येऊही नये. तरी तो वाचताना लेखिकेला एक बहीण मरणाच्या दारातून परत मिळाली होती, हे विसरता येत नाही. कुणाची बहीण परत येत नाही, ती का, याचा शोध त्यांनी शहरभर घेतला. १९४७ मध्ये कामा रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर त्या असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडियाच्या अध्यक्ष झाल्या आणि पुढची दहा वर्षं ते काम पाहत राहिल्या.