दोन नावं अण्णांची, ट्रम्पेटवाल्याचं एकही नाही

परवा धुळ्यात एका लग्नाला गेलो होतो. वरात अजून निघायची होती, बँडवाले गाडीपाशी वाद्यं पुसत बसलेले. सकाळपासून 'झुमका वाली पोर' वाजवून वाजवून तेही कंटाळले असावेत. त्यातल्या एका पिकल्या केसांच्या ट्रम्पेटवाल्याने सहज ट्रम्पेट ओठाला लावला आणि 'शोला जो भडके' वाजवायला घेतलं. आपल्याकडे हे गाणं ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. मी विचारलं, मूळ रेकॉर्डवर हे वाजवणारा कोण, माहिती आहे का? तो हसला. "आमनं नाव कोन इचारस भाऊ, तं त्यानं कोन इचारी?"

म्हणून ही पोस्ट.

'अलबेला' 1951 सालचा. भगवानदादा पालव अमरावतीत जन्मलेले, तर संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे अण्णा चितळकर नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. या दोन मराठी माणसांनी मिळून देशाला नाचवलं, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण त्या संगीतात तिसरा एक माणूस होता. आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916, गाव बार्देशातलं हळदोणे. मुंबईत त्याला सगळे चिक चॉकलेट म्हणायचे. ट्रम्पेट वाजवायचा, आणि असा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

आर्मस्ट्राँग हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक. 1925 पासून शिकागोत पाच जणांच्या बँडसोबत त्याने ज्या तबकड्या केल्या, त्यांनी जॅझचा चेहराच बदलला. त्याआधी सगळे मिळून वाजवायचे. आर्मस्ट्राँगने एकट्या वादकाला पुढे आणलं. ते वारं मुंबईलाही पोचलं. 1935 साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय बँडमास्तर आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्याची पोरं ते ऐकत होती, आणि त्यांना ते पकडता आलं, कारण त्यांची तयारी आधीच झालेली होती. पोर्तुगिजांच्या काळात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना सूर आणि व्हायोलिन शिकवायचे, नोटेशन वाचायला शिकवायचे. हेतू प्रार्थनेचा. पण गावात पोट भरत नव्हतं, मग ही विद्या घेऊन पोरं मुंबईला आली. रात्री हॉटेलात साहेब लोकांसाठी वाजवायचं, दिवसा फिल्मच्या स्टुडिओत.

आणि स्टुडिओत त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. आपले संगीतकार चाल पेटीवर बांधायचे, गाऊन दाखवायचे. पण पंचवीस-तीस वादकांनी एका वेळी काय वाजवायचं, कुठे थांबायचं, ट्रम्पेट कुठे घुसवायचा, हे कागदावर उतरवणारा माणूस बहुतेक वेळा गोव्याचा असायचा. चाल अण्णांचीच होती, यात वाद नाही. अण्णा थोर होतेच. पण 'अलबेला'तल्या ज्या झगमगाटावर आपण फिदा आहोत, त्यात चिकचा आणि त्याच्या बँडचा श्वास आहे. 1950 च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे' आठवा, तिथेही हीच जोडी. 'अलबेला'त तर 'दीवाना परवाना'ला चिकचा बँड चक्क पडद्यावर दिसतो.

आता गंमत बघा. जुनी तबकडी हातात घ्या आणि मधला कागद वाचा. गायक : लता आणि चितळकर. संगीत : सी. रामचंद्र. म्हणजे अण्णा एकटेच दोन नावांनी हजर! ट्रम्पेटवाल्याला मात्र अर्धी ओळही नाही. हा काही अण्णांचा दोष नव्हे, तेव्हाची रीतच तशी होती. वादकाने यायचं, वाजवायचं, दिवसाचे पैसे घ्यायचे आणि जायचं. गाणं पुढे सत्तर वर्षं कमावत राहिलं तरी त्याचा हिशेब तिथेच मिटलेला.

व्हायोलिनवाले अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गाण्यात गुरूचं नाव घातलं. अख्ख्या देशाने ते गुणगुणलं, आणि असा माणूस खरोखर आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही! अमिताभ अंड्यातून बाहेर येतो एवढंच आपल्या लक्षात राहिलं.

आपल्या खान्देशातले बँडवाले तर नोटेशनही वाचत नाहीत, कानाने उचलतात. टॉकीजमध्ये, रेडिओवर ऐकलेलं बापाने वाजवलं, ते बघून पोराने. म्हणजे शिकागोहून ताजमध्ये, ताजमधून दादरच्या स्टुडिओत आणि तिथून धुळ्याच्या वरातीत, असा हा फुंकरीचा प्रवास. आणि आता डीजेची भिंत उभी राहिली की यांना सुपारी मिळत नाही. आज यूट्यूबवरच्या अहिराणी गाण्याखाली गीतकारापासून रेकॉर्डिंगवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं असतात, ही गोष्ट मला फार आवडते. आपल्या पोरांनी न सांगता ही रीत सुधारली.

चिक 1967 साली गेला, जेमतेम पन्नाशीत. त्याच्या आदल्याच वर्षी चेतन आनंदच्या 'आखरी खत'मध्ये तो क्लबच्या प्रसंगात ट्रम्पेट वाजवताना दिसतो. खय्यामचं संगीत, भूपिंदर गातो आहे, गाणं 'रुत जवां जवां'.

त्या दिवशी मी तेच मोबाईलवर लावून त्या ट्रम्पेटवाल्याच्या हातात दिलं. त्याने दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा तर बोटंही हलवत होता, मांडीवरच. तेवढ्यात नवरदेव घोड्यावर बसला, मास्तरने हाक मारली. उठता उठता म्हणाला, "माले धाडा ना भाऊ हाई, पोरले दाखाडसू."